कर्ज काढायच्या आधी एका गुरुवारी कंपनीच्या मागच्या बाजूला जाऊन ये

प्रश्न बराच लांब लिहिलायस, त्यामुळे मला काय समजलं ते आधी मांडतो, चुकलं असेल तर सांग. वयाने वीसेक वर्षांनी मोठा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. तू मेकॅनिकलचा बीई, २६ वर्षांचा, चाकणला एका ऑटो व्हेंडरकडे तीन वर्षं क्वालिटीत. ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीची ऑफर हातात आहे, लो कार्बन एनर्जी टेक्नॉलॉजी, एक वर्षाची एमएस्सी. फी, राहणं, विमान, व्हिसा सगळं धरून ३५ लाखांच्या घरात जातंय, बाबा दोन वर्षांनी रिटायर होतायत आणि धायरीचा फ्लॅट तारण ठेवावा लागेल. दुसरा पर्याय म्हणजे गेट देऊन इथेच एम.टेक. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत विचारलंयस, "हायड्रोजनला स्कोप आहे का?"

यात तीन प्रश्नांचा गुंता झालाय. एक, क्वालिटीत रोज तेच गेज, तेच रिजेक्शनचे रिपोर्ट, कस्टमरच्या त्याच शिव्या, त्यामुळे बाहेर पडायचंय. दोन, परदेशी जायचंय. तीन, एनर्जीत काम करायचंय. या तिन्हींचं उत्तर तू एकाच डिग्रीकडून मागतोयस आणि ती डिग्री ३५ लाखांना पडतेय. पहिल्याचं उत्तर नोकरी बदलून मिळू शकतं, त्याला पैसे लागत नाहीत. दुसरं जर खरं कारण असेल तर स्वतःशी तसं कबूल कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या बॅचचे अर्धे लोक बाहेरच आहेत, पण मग हिशोब वेगळा, त्यात एनर्जी हा विषय मागे पडतो आणि कुठल्या देशात कुठल्या कामाला व्हिसा मिळतो हे पुढे येतं. मी बोलू शकतो ते तिसऱ्यावर.

आता काही गोष्टी तुझ्या तुलाच माहिती, त्या मी इथून ठरवू शकत नाही. घरात अजून कुणाची जबाबदारी आहे, बहिणीचं लग्न-शिक्षण काही आहे का, फ्लॅट सोडून दुसरी पुंजी आहे का, सहा महिने नोकरी नसली तर हप्ता कोण भरणार. कागदावर बघू. ३५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, तर हप्ता साधारण ४७ हजार. तोही शिकताना साठलेलं व्याज न धरता. पाउंडात पगार सुरू झाला तर हे काहीच नाही. परत येऊन पुण्यात नवीन नोकरी शोधायची वेळ आली तर याच हप्त्यामुळे झोप उडते, हे मी बघितलंय.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. २००२ चा मेकॅनिकल, पाच वर्षं बॉयलर सर्व्हिस केली, भोसरी, रांजणगाव, जेजुरी, कुरकुंभ, बाइकवर टूलबॉक्स बांधून. मग गेट देऊन एनर्जीमध्ये एम.टेक., आणि तेव्हापासून एनर्जी ऑडिट आणि औद्योगिक हीटिंगची कामं. दरवर्षी दोन-तीन फ्रेशर माझ्याकडे येतात, इथले एम.टेक. पण आणि बाहेरून एमएस्सी करून आलेले पण, त्यामुळे डिग्रीतून काय येतं आणि काय येत नाही हे थोडंफार कळतं.

आता एक फजिती सांगतो, माझीच. २०११ मध्ये भोसरीत एका इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात सोलर हॉट वॉटर सिस्टिम डिझाइन केली, टाक्या गरम ठेवायला, व्हॅक्यूम ट्यूबवाली. एम.टेक. होऊन दोन वर्षं झाली होती, अंगात मस्ती होती, तासातासाचं मॉडेल केलं, पुण्याचं रेडिएशन घातलं, ट्यूबची एफिशिअन्सी घातली, पाइपातला लॉससुद्धा घातला. फक्त लोड घालताना वर्षभराचं गरम पाणी घेतलं आणि त्याला ३६५ ने भागलं. सिस्टिम फेब्रुवारीत चालू झाली, सगळे खूश. एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी फोन आला. भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते हे ज्याने बाइकवर पाच वर्षं तीच एमआयडीसी पालथी घातली त्याला माहिती नव्हतं असं नाही, पण मॉडेलमध्ये गुरुवार नव्हता. पाणी कुणी घेतच नव्हतं, अकरापर्यंत टाकी पूर्ण गरम, मग व्हेंटमधून वाफ, मग ट्यूबमधलं पाणी उडून ट्यूब कोरड्या तापल्या. कोरडी व्हॅक्यूम ट्यूब कडक उन्हात २०० डिग्रीच्या वर जाते. वॉचमनने बिचाऱ्याने चांगल्या मनाने, गरम झालंय म्हणून, गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. मी पोचलो तेव्हा गच्चीवर अजून टक् टक् आवाज येत होते, एकेक ट्यूब तडकत होती. ४२ गेल्या. दुसऱ्या दिवशी मालक एक शब्द बोलला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

हे सांगायचं कारण असं, की मॉडेल शिकवण्यात माझ्या कॉलेजने काही कमी ठेवलं नव्हतं. कमी माझ्याकडे होतं, मी साइटवरचा माणूस असूनही वर्गात गेल्यावर साइट विसरलो. एम.टेक. किंवा एमएस्सी तुला गणित, पद्धत आणि भाषा देते, भरपूर देते, मला स्वतःला एक्सर्जी नावाचा प्रकार, म्हणजे उष्णतेतून प्रत्यक्षात किती काम काढता येतं, हे कळल्यावर बॉयलरकडे बघायची नजरच बदलली (आठ बारची वाफ बनवायची आणि साठ डिग्रीचं पाणी तापवायला वापरायची, हा केवढा उधळेपणा आहे हे त्याआधी डोक्यात शिरलं नव्हतं). पण कुठल्या आकड्यावर संशय घ्यायचा हे तिथे शिकवत नाहीत, ते आधी घेऊन जावं लागतं. ज्या मुलांनी आधी प्लँटमध्ये दोन-तीन वर्षं काढली आणि मग एखादा प्रश्न डोक्यात घेऊन शिकायला गेली, ती माझ्याकडे आल्यावर दोन महिन्यांत कामाला लागतात. बीई झाल्या झाल्या थेट गेलेल्यांना वर्ष लागतं. तुझी तीन वर्षं झालीत ही तुझी मोठी जमेची बाजू आहे, पण ती तीन वर्षं गेजरूममध्ये गेली, युटिलिटीकडे, म्हणजे बॉयलर-कॉम्प्रेसरकडे, तू फिरकला नाहीस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय.

आता हायड्रोजन. स्कोप आहे का या प्रश्नाला हो-नाही करत बसण्यापेक्षा एक हिशोब कर, तो तुला दहा वेबिनारपेक्षा जास्त सांगेल. एक किलो हायड्रोजन इलेक्ट्रोलायझरने (विजेने पाणी फोडणारं यंत्र) बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो किलो जाळला की हाताला उष्णता येते ३३ युनिट. म्हणजे बॉयलरमध्ये जाळायचा असेल तर तीच ५० युनिट सरळ हीटरला दिली असती तर जवळपास ५० मिळाली असती, आणि फॉस्फेटिंगच्या टाकीसारखं (रंगाआधी लोखंड गरम द्रावणात बुडवतात ती) पन्नास-साठ डिग्रीचं काम असेल तर हीट पंपाने (बाहेरची उष्णता ओढून आणणारं यंत्र, उलटा फ्रिजच) त्याच ५० युनिटमधून १५० युनिट उष्णता आली असती. तुझ्या कंपनीत पेंट शॉपच्या आधी फॉस्फेटिंग असणारच, तिथे हायड्रोजन नेणं म्हणजे दारात नळ असताना टँकर मागवणं. पण खत कारखान्याला अमोनियासाठी हायड्रोजनच लागतो, रिफायनरीला लागतो, कोळशाशिवाय लोखंड बनवायचं तर तिथेही लागणार, आणि आज आपल्याकडे तो मुख्यतः नॅचरल गॅसपासून बनतो. तिथे ग्रीन हायड्रोजनला, म्हणजे सोलर-विंडच्या विजेवर बनवलेल्याला, खरंच काम आहे.

त्याचं सरकारी मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटी, लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. आता वरच्या हिशोबाने गुण, ५० लाख टनाला २५,००० कोटी युनिट लागतात, देशाच्या आजच्या वर्षभराच्या वीजनिर्मितीचा जवळजवळ सातवा हिस्सा. म्हणजे हायड्रोजनच्या नावाखाली जी कामं निघतील त्यातली बरीचशी खरं म्हणजे सोलर, विंड, ग्रिड, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पाण्याची असतील. फ्युएल सेलचं (हायड्रोजनपासून थेट वीज बनवणारा सेल) म्हणशील तर आपल्याच गावात पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, त्यांनी आणि केपीआयटी या कंपनीने मिळून केलेली हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवली होती. पण त्या कामात शिरायचं तर इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि मटेरियल लागतं, म्हणजे पीएचडीच्या वाटेने. "हायड्रोजन" असं नाव असलेले दोन इलेक्टिव्ह करून तिथे कुणी घेत नाही.

बाकीच्या टेक्नॉलॉजीबद्दल पटकन. रूफटॉप सोलरमध्ये काम प्रचंड आहे, फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर आल्यापासून गल्लीगल्लीत एजन्सी झाल्यात, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर होणारच. पण त्यासाठी मास्टर्स लागत नाही आणि पगारही तसेच आहेत. मोठ्या सोलर-विंड प्रकल्पात खरी गरज ग्रिड समजणाऱ्यांची आहे, उद्या किती वीज येणार याचा अंदाज, स्टोरेज, पंप्ड हायड्रो (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून ठेवायचं). बॅटरीत पुण्यात बरंच चाललंय, मला त्यातलं जुजबी कळतं, त्यामुळे गप्प बसतो. बायोगॅस-इथेनॉलकडे मुलं नाक मुरडतात, शेणाचा वास येतो म्हणून असेल, पण महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या जिवावर त्यात चांगलं इंजिनीअरिंग होतं, मांजरीला व्हीएसआय ही साखर संशोधन संस्था आहे, इथेनॉलचे प्लँट बनवणारी प्राजसारखी कंपनी इथलीच आहे. आणि औद्योगिक उष्णता, म्हणजे वाफ, ड्रायर, भट्ट्या, यावर तर कुणी रील बनवत नाही. वाफ किंवा भट्टी लागणारा कारखाना घे, बऱ्याचदा वीज बिलाइतकेच किंवा जास्त पैसे इंधनात जातात, आणि या प्रश्नावर काम करणारी माणसं मोजकी आहेत. मी त्यातलाच म्हणून माझं झुकतं माप आहे, हे धरून वाच.

(जाता जाता. लो कार्बन म्हटलं की सगळ्यांना हे कालपरवाचं वाटतं. ताम्हिणीला पावसाळ्यात भजी खायला जाताना उजव्या हाताला मुळशीचं पाणी दिसतं ना, ते घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज बनवतं, आणि त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा. कार्बन कमी होता, किंमत कमी नव्हती, फक्त ती दुसऱ्याने भरली. एखाद्या कोर्समध्ये जमीन आणि पाणी यावर एकसुद्धा पेपर नसेल तर माझ्या मते तो कोर्स अर्धवट आहे.)

मग कोर्स कसा निवडायचा. ब्रोशरवर जाऊ नकोस, सगळ्यांवर पवनचक्की आणि हिरवं गवत असतं. मी तीन गोष्टी बघायला सांगतो. पहिली, कोअर विषय. तू मेकॅनिकलचा, म्हणजे थर्मो आणि हीट ट्रान्स्फर जमतं असं धरू, तुझी लंगडी बाजू इलेक्ट्रिकल. पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स कोअरमध्ये आहेत की नुसते इलेक्टिव्ह? एनर्जी इकॉनॉमिक्स आहे का, म्हणजे डिस्काउंट रेट (उद्याच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) बदलला की प्रकल्पाचा जीव कसा वर-खाली होतो हे हाताने करून घेतात का? "सस्टेनेबिलिटी लीडरशिप", "एनर्जी ट्रान्झिशन पर्स्पेक्टिव्ह" असलेच विषय जास्त असतील तर तो मॅनेजमेंटचा कोर्स आहे, वाईट असेलच असं नाही, पण इंजिनीअरिंगच्या नोकरीसाठी घेऊ नकोस.

दुसरी, थिसिस. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. मागच्या तीन वर्षांच्या थिसिसची नावं मागव, वेबसाइटवर नसतील तर मेल कर. त्यात किती जणांनी काही मोजलंय आणि किती जणांनी फक्त सॉफ्टवेअर चालवलंय ते बघ. सॉफ्टवेअर वाईट नाही, पण मोजण्यात जे शिकायला मिळतं ते वेगळंच. उदाहरण देतो. पाण्याचा फ्लो मोजायला पाइपवर बाहेरून बांधायचा अल्ट्रासोनिक मीटर असतो, त्याच्या सेन्सरखाली जेल कमी पडली की आकडा नाचतो, हे एकदा हात घातला की कळतं. पण जुन्या पाइपात आतून क्षार बसलेला असेल तर आकडा अजिबात नाचत नाही, एकदम स्थिर येतो, आणि चुकीचा येतो, कारण मीटर पाइपचं आतलं माप नवीन पाइपाएवढं धरतो आणि फ्लो जास्त दाखवतो. असा स्थिर चुकीचा आकडा मी एका रिपोर्टमध्ये घातलेला आहे, तो कस्टमरच्या माणसाने पंपाच्या कर्व्हवरून पकडला. तसंच सोलर पॅनलचं. डेटाशीट २५ डिग्रीची, आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडवर पॅनल ६५ ला जातो, दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. हे वाचून सगळ्यांना माहिती असतं, पण ज्याने थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून स्वतः बघितलंय तो डिझाइन करताना विसरत नाही.

तिसरी, कोर्स किती जुना आहे. गेल्या चार-पाच वर्षांत बऱ्याच ठिकाणी जुन्याच कोर्सची पाटी बदलून लो कार्बन, नेट झिरो अशी नावं दिली गेलीत. जर्मनीत ओल्डेनबर्गचा रिन्युएबल एनर्जीचा मास्टर्स १९८७ पासून चालू आहे, तेव्हा या विषयाला कुणी विचारत नव्हतं. अशा ठिकाणी लॅबमध्ये जुनी धूळ खाल्लेली उपकरणं असतात आणि जगभर पसरलेले माजी विद्यार्थी असतात, दोन्ही कामाचं. माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर मेसेज टाक, पण "कोर्स कसा आहे" असं विचारू नकोस, सगळे छानच सांगतात. "तुझ्या बॅचमधले भारतीय आज नेमकं काय काम करतायत" असं विचार.

आता देश. ब्रिटनचा एक वर्षाचा मास्टर्स म्हणजे पळापळ, सप्टेंबरला पोचलास की मे पर्यंत लेक्चर आणि परीक्षा, उन्हाळ्यात तीन महिने प्रोजेक्ट, आणि त्याच तीन महिन्यांत नोकरी पण शोधायची. तीन महिन्यांत प्रयोग उभा राहत नाही, पार्ट यायलाच सहा आठवडे जातात, त्यामुळे बहुतेक थिसिस कॉम्प्युटरवरच होतात. शिकल्यानंतर राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा मिळणार, त्यामुळे तुझा कोर्स कधी संपतो ते बघून हिशोब कर. त्यानंतर स्पॉन्सर करणारी कंपनी हवी आणि पगाराची अट आहे. ब्रिटनचं शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही, ऑफशोअर विंडचं काम शिकायचं तर त्यांच्यासारखा समुद्र आणि अनुभव फार थोड्यांकडे आहे. फक्त फ्लॅट तारण ठेवून, डोक्यात प्रश्न नसताना जाऊ नकोस असं म्हणतोय.

जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आपल्याकडच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या टीयूएमनेही फी सुरू केलीय), राहण्याच्या खर्चापोटी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात, ते दर महिन्याला तुझे तुलाच मिळतात. कोर्स दोन वर्षांचा, थिसिस सहा महिन्यांचा, बऱ्याचदा कंपनीत करता येतो, आणि मुलं प्लँटवर खरंच काम करून येतात. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझ्या डिग्रीची जर्मन तपासणी, लागतं, त्याला वेळ धरून ठेव. डाडची (डीएएडी, जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था) विकासाशी निगडित मास्टर्ससाठी एक स्कॉलरशिप आहे तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुझा आहे, मग अर्ज का नाही? इरास्मस मुंडूसचेही (युरोपातल्या अनेक युनिव्हर्सिट्यांचे एकत्र मास्टर्स) एनर्जीतले कोर्स असतात, स्कॉलरशिपसकट, स्पर्धा जबरदस्त पण फॉर्मला पैसे पडत नाहीत. अडचण एकच, भाषा. वर्गात इंग्रजी चालतं पण प्लँटमधला फोरमन जर्मनच बोलतो. रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्स म्युलर भवनला जर्मनची आत्ता सुरुवात केलीस तर जाईपर्यंत बी-वन, म्हणजे मधली पातळी, होईल, आणि ते झालं नाही तर निदान तुझी चिकाटी किती आहे ते तरी कळेल.

इथे म्हणशील तर आयआयटी मुंबईत एनर्जी सायन्स अँड इंजिनीअरिंगचं वेगळं डिपार्टमेंट आहे, सोलरचं त्यांचं काम २०१० पासून राष्ट्रीय केंद्र म्हणून चालतं. गेटवर एम.टेक. मिळालं तर महिना १२,४०० स्टायपेंड, म्हणजे मजा नाही पण कर्जही नाही. गेटचा अभ्यास नोकरी करून करायला वर्ष जाईल हे खरं, आणि "वर्ष वाया गेलं" असं घरचे म्हणतील हेही खरं.

माझं मत एवढ्यावरून असं, की ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का ते विचार, त्या वर्षात गेट, जर्मनी आणि स्कॉलरशिप तिन्हीकडे अर्ज कर, आणि नोकरी सोडू नकोस, कारण तुला लागणारी लॅब तू जिथे रोज कार्ड पंच करतोस तिथेच आहे.

डिग्रीनंतर पुण्यात कोण घेतं हेही विचारलंयस. थरमॅक्स, फोर्ब्स मार्शल यांच्यासारख्या वाफ-उष्णतेवाल्या कंपन्या घेतात, हडपसरला पवनचक्क्यांची सुझलॉन आहे, धोरणात रस असेल तर प्रयासचा ऊर्जा गट देशात नावाजलेला आहे आणि तो आपल्याच गावात आहे, त्यांचे रिपोर्ट फुकट वाचायला मिळतात, अर्ज कर न कर, वाच मात्र जरूर. पण सध्या सगळ्यात जास्त फोन मला कुणाचे येतात माहितीये? एक्स्पोर्टवाल्यांचे. युरोपचा सीबॅम, म्हणजे बॉर्डरवरचा कार्बनचा कर, ऑक्टोबर २०२३ पासून नुसता रिपोर्टिंगचा होता, १ जानेवारी २०२६ पासून खराखुरा लागू झालाय. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात, आणि लोखंडात नट-बोल्टसुद्धा. चाकण-भोसरीतले किती फास्टनरवाले युरोपला माल पाठवतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्यांना आता सांगावं लागतं की या टनभर बोल्टमागे किती कार्बन गेला, आणि ती एक्सेल भरायला बसतो अकाउंटवाला. तो वायर रॉड कुठल्या मिलचा, झोतभट्टीचा (ब्लास्ट फर्नेस) की इंडक्शन फर्नेसचा हे विचारत नाही, हीट ट्रीटमेंटचा गॅस विसरतो. क्वालिटीतला, ट्रेसेबिलिटी समजणारा, हीट नंबरवरून (पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर) मागे जाता येणारा माणूस या कामाला एकदम फिट आहे. तो म्हणजे तू. यासाठी तुला आज कुठलीही डिग्री लागत नाही, तुझ्या कंपनीत एक्स्पोर्ट कोण बघतं त्याला जाऊन चहा पाज.

दुसरं, बीईईची (सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर परीक्षा. चार पेपर, पहिल्या तीनवर एनर्जी मॅनेजर, चौथा धरून ऑडिटर. त्यांची चार गाइडबुकं नेटवर फुकट आहेत, भाषा रटाळ आहे पण बॉयलरपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं एका जागी आहे. ही पुस्तकं वाचून तुला झोप येत असेल तर ३५ लाखांच्या कोर्समध्येही येईल.

आणि आता गृहपाठ. कंपनीला सुट्टी असते त्या दिवशी, मेंटेनन्सच्या माणसाला आधी विचारून, कॉम्प्रेसर रूममध्ये जा. प्रॉडक्शन बंद, सगळ्या मशीनच्या हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह रोजच्यासारखे उघडे, आणि एकच कॉम्प्रेसर चालू. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे खरं तर रिसीव्हर एकदा भरला की कॉम्प्रेसर अनलोडला जाऊन, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत, तसाच राहायला पाहिजे. राहत नाही. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लोड किती सेकंद आणि अनलोड किती सेकंद ते लिही, निदान दहा वेळा, आवाज बदलतो त्यावरून कळतं. समज लोड ९० आणि अनलोड २१०, तर ३०० मधले ९०, म्हणजे ३० टक्के हवा नुसती गळतेय. कॉम्प्रेसर ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा) असेल तर १५० सीएफएम, सीएफएमला साधारण ०.१८ किलोवॅट धर, २७ किलोवॅट, वर्षाला ७,००० तास, १ लाख ८९ हजार युनिट, नऊ रुपयाने १७ लाख. ग्रिडचा कार्बन युनिटला अंदाजे ०.७ किलो धरला तर १३० टनांच्या वर. तुझ्या कर्जाचे निम्मे पैसे दरवर्षी फुस्स करून जातायत, आणि हे पकडायला तुला एक सुट्टीचा दिवस लागला. मग शांतता असेल तेव्हा लाइनच्या कडेने कान देऊन फिर, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊलला, पुश-फिटिंगला, ब्लो-गनच्या होजला, साबणाचं पाणी लावून बघ. यादी कर, फोटो काढ, मॅनेजरला दे. मॅनेजर ढुंकून बघणार नाही ही शक्यता पन्नास टक्के, पण मोटिव्हेशन लेटरमध्ये "मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे" याच्या जागी हा एक परिच्छेद लिहिता येईल, आणि सिलेक्शन कमिटीवर बसलेला प्रोफेसर तिथे थांबून वाचेल.

कॉम्प्रेसर व्हीएफडीवाला, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, असेल तर ही पद्धत चालत नाही, त्याचं वेगळं आहे, नेमप्लेटचा फोटो इथे टाक मग सांगतो. आणि ऑफरचं डिपॉझिट भरायची शेवटची तारीख तू लिहिलीच नाहीस, ती आधी सांग.